ओळ संपते कोठे?

मराठेशाहीतील एखादे अस्सल पत्र हाती घेऊन पाहावे. मोडीची शिरोरेषा आधी कागदभर ओढून घेतलेली, तिच्याखाली अक्षरे लोंबत सोडलेली. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही, आणि कागदाची कड आली की शब्द अर्ध्यावर तोडून लेखक खुशाल पुढच्या ओळीवर गेलेला. ओळ कोठे संपावी याची त्या लेखकाला फारशी फिकीर नव्हती. पत्र कोठे संपले याची मात्र मोठी फिकीर होती. मजकुराच्या अखेरीस, पुढे एक अक्षरही घुसडता येऊ नये अशा बेताने, मोर्तबाचा शिक्का उमटवीत. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरील ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा याच कामाची. येथे लेखनाची सीमा झाली, यापुढे जे दिसेल ते आमचे नव्हे, एवढेच ती सांगते.

जुन्या पोथ्यांतही हाच प्रकार. ओवी पानाच्या मध्येच संपते. तिच्या अखेरीस दोन दंड आणि आकडा येतो, आणि त्याच ओळीत पुढची ओवी सुरू होते. पान रुंद असेल तर ओळी थोड्या, अरुंद असेल तर पुष्कळ, ओव्या तेवढ्याच. ओळ ही पानाची सोय आणि ओवी ही ग्रंथाची गोष्ट, हा विवेक त्या पोथी लिहिणाऱ्यांच्या हाडीमासी खिळलेला होता.

श्रोतेहो, मोडी पत्रांपासून आरंभ केला असला तरी आज मला बोलावयाचे आहे ते संगणकाविषयी. त्यातही एका अगदी क्षुद्र वाटणाऱ्या गोष्टीविषयी : ‘येथे ओळ संपली’ हे संगणकाला कसे सांगतात. क्षुद्र म्हणतो खरा. परंतु या एका प्रश्नावर जगातील संगणकांचे तीन पंथ झाले, त्यांचे भांडण अर्धशतकाहून अधिक काळ चालले आहे, आणि त्याच्या फटीतून अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठविण्याची एक नवी युक्ती निघाली. ही तीन उत्तरे कोठून आली हे समजून घेण्यासाठी आपल्याला संगणकाच्याही मागे, टंकलेखनयंत्रापर्यंत, जावे लागेल.

संगणकाच्या पोटात कागद नाही, म्हणून ओळही नाही. आपण टाइप केलेला मजकूर तेथे आकड्यांची एक लांबच लांब माळ होऊन राहतो. प्रत्येक अक्षराला एक आकडा, मोकळ्या जागेला एक आकडा. तेव्हा ओळीच्या शेवटालाही आकडा हवा. तो पडद्यावर दिसत नाही. तो आला की पुढचे अक्षर खालच्या ओळीच्या आरंभी दिसू लागते, एवढीच त्याची ओळख. तो आकडा कोणता? एक पंथ म्हणतो, दहा. दुसरा म्हणे, तेरा. तिसरा म्हणतो, आधी तेरा आणि मग दहा, दोन्ही हवेत. एका पंथाचा मजकूर दुसऱ्याच्या घरी गेला की हजार ओळींचा निबंध एका अखंड ओळीत पसरतो, किंवा प्रत्येक ओळीच्या टोकाला एखादे उपरे चिन्ह लटकलेले दिसते.

टंकलेखनयंत्रावर ज्यांनी काम केले आहे त्यांना या दोन आकड्यांची मुळे ताबडतोब उमगतील. आमच्या तरुणपणी गावोगावी टायपिंगचे क्लास असत. एका खोलीत दहाबारा यंत्रे एकाच वेळी कडकडत असत, आणि त्या कडकडाटात मधूनमधून बारीक घंटा वाजत. समास जवळ आला, शब्द आवरता घ्या, असा तिचा इशारा. घंटा वाजली की डाव्या हाताने एक चकचकीत दांडा ढकलावयाचा. त्या एका ढकलण्यात दोन गोष्टी होत. रूळ किंचित फिरून कागद एक ओळ वर सरके. आणि ज्यावर तो रूळ बसविलेला असे ती कॅरेज सरसर मागे जाऊन ओळीच्या आरंभी उभी राही. हात एकच, परंतु क्रिया दोन : कागद सरकणे आणि कॅरेज परतणे. क्रिस्टोफर लॅथम शोल्स आणि त्याच्या साथीदारांचे जे टंकयंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणले, त्यात तर हे काम पायाकडे होते. कंपनी शिवणयंत्रेही करीत असे. तेव्हा टंकयंत्र शिवणयंत्राच्या धर्तीच्या टेबलावर बसविले आणि कॅरेज मागे नेण्यासाठी खाली पायटा दिला. आपल्याकडे मुंबईच्या गोदरेज कारखान्यातून १९५५ मध्ये टंकयंत्रे निघू लागली तोवर पायटा केव्हाच गेला होता. दोन क्रिया मात्र होत्या तशाच होत्या.

माणूस समोर बसला आहे तोवर यात अडचण कसलीच नाही. अडचण उभी राहते ती टंकयंत्र शंभर कोसांवर आणि माणूस इकडे अशी स्थिती आल्यावर. दूरमुद्रक, म्हणजे ज्याला आपण टेलिप्रिंटर म्हणत आलो, तो असाच जन्मला. फ्रान्समधील एमिल बोदो याने १८७४ मध्ये पाच खुणांच्या संकेतलिपीचे पेटंट घेतले. पाच जागा आणि प्रत्येक जागी विद्युत् आहे किंवा नाही, एवढ्यावर बत्तीस संकेत होतात. अक्षरे आणि आकडे यांची दोन दालने केली की तेवढ्यात काम भागते. तथापि बोदोच्या पद्धतीत संदेश कागदाच्या अरुंद फितीवर उमटत असे. फितीला ओळी कोठल्या? ओळींचा प्रश्न उपस्थित केला तो डोनाल्ड मरे या न्यूझीलंडच्या गृहस्थाने. १९०१ च्या सुमारास त्याने टंकयंत्रासारख्या कळफलकाला जुळेल अशी संकेतलिपी सिद्ध केली. आता तारेच्या दुसऱ्या टोकाला पानावर छापावयाचे तर पानाच्या कडेला पोहोचलेल्या कॅरेजला परत फिरविणार कोण? त्यासाठी मरेने आपल्या लिपीत अक्षर नसलेले संकेत घातले. त्यांतला एक कॅरेज रिटर्न, कॅरेज परत आण. दुसरा लाइन फीड, कागद एक ओळ सरकव.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी, कारण पुढील सारी कथा हिच्यातून निघते. या दोन संकेतांपैकी एकाही संकेताचा अर्थ ‘ओळ संपली’ असा नव्हता. या दूरच्या यंत्राला दिलेल्या हालचालीच्या आज्ञा होत्या. घोड्याला लगामाने दिलेल्या इशाऱ्यासारख्या. आणि दोन्ही वेगळ्या ठेवण्यात फायदाही होता. कागद न सरकवता नुसती कॅरेज परत आणली तर छापलेल्या ओळीवर पुन्हा छापता येई. शब्द ठळक करावयाचा असो की त्याच्याखाली रेघ मारावयाची असो, हाच मार्ग. उलट, कॅरेज जागच्या जागी ठेवून कागद तेवढा सरकवला, तर मजकूर जिन्याच्या पायऱ्यांसारखा तिरपा उतरत जाई.

वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत कोपऱ्यातला टेलिप्रिंटर रात्रंदिवस खडखडत असे, तो ज्यांनी ऐकला आहे त्यांना त्याची लय आठवत असेल. अक्षरांचा संथ ठेका, मग एक सरकता आवाज, एक धक्का, आणि पुन्हा ठेका. तो सरकता आवाज म्हणजे कॅरेज रिटर्न आणि तो धक्का म्हणजे लाइन फीड. महत्त्वाची बातमी असली की त्याआधी घंटाही वाजे. तिलाही संकेतलिपीत स्वतंत्र जागा होती.

संगणक आले तेव्हा त्यांच्याशी बोलावयाचे साधन म्हणून हाच दूरमुद्रक जोडण्यात आला. तयार होता आणि स्वस्त होता. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्धी पावला तो टेलिटाइप कंपनीचा १९६३ चा नमुना क्रमांक ३३. त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेत ‘आस्की’ या नावाने आज सर्वत्र परिचित असलेली संकेतलिपी प्रसिद्ध झाली. तिच्यात पाचाऐवजी सात खुणा, म्हणून एकशेअठ्ठावीस जागा. पहिल्या बत्तीस जागा यंत्राला द्यावयाच्या आज्ञांसाठी राखून ठेवल्या होत्या. सातव्या क्रमांकावर घंटा, दहाव्यावर लाइन फीड, तेराव्यावर कॅरेज रिटर्न. आपले दहा आणि तेरा हे असे कागदावर आले.

नमुना ३३ सेकंदाला दहा अक्षरे छापी. म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला सेकंदाचा दहावा भाग. परंतु ओळीच्या उजव्या टोकाला गेलेली छपाईची पेटी डावीकडे परत यावयास याहून अधिक वेळ लागे. ‘परत ये’ म्हणून आज्ञा दिली आणि लगेच पुढचे अक्षर पाठविले, तर पेटी अजून वाटेतच असे, आणि ते अक्षर कागदाच्या मधोमध कोठेतरी उमटून जाई. यावर तोड निघाली ती मोठी चतुर. आधी कॅरेज रिटर्न पाठवावा; पेटी मागे धावत असताना लाइन फीड पाठवावा; कागद सरकण्याचे काम त्या अवधीत उरकते आणि पेटीलाही घरी पोहोचण्यास उसंत मिळते. म्हणून आधी तेरा आणि मग दहा. क्रम उलटा केला तर ही उसंत हाती लागत नाही. काही यंत्रे इतकी मंद असत की तेवढ्यानेही भागत नसे. मग त्यांच्यापुढे एकदोन निरर्थक संकेत केवळ वेळ काढण्यासाठी पाठवीत. आज जगातील कोट्यवधी फायलींत प्रत्येक ओळीच्या अखेरीस तेरा-दहा ही जोडी या क्रमाने बसलेली आहे, तिच्यामागे लोखंडी पेटीच्या धावण्याला लागणारा हा अर्धाअधिक निमिष आहे.

दूरमुद्रकांच्या अशा कित्येक गोष्टी आस्कीत अडकून राहिल्या आहेत. एकशेसत्ताविसावा, म्हणजे शेवटचा, संकेत पाहा. त्याचे नाव पुसणे. संदेश कागदी फितीवर भोके पाडून साठवीत असत. पडलेले भोक बुजविता येत नाही. तेव्हा चूक झाली की त्या जागी सातही भोके पाडून टाकावयाची आणि वाचणाऱ्या यंत्राने सात भोके दिसली की तिकडे काणाडोळा करावयाचा, असा ठराव. म्हणून सातही खुणा भरलेला शेवटचा क्रमांक पुसण्याला मिळाला. विषयांतर होत आहे हे मला कळते; परंतु संकेतलिपीत यंत्राचे शरीर कसे उतरते याचा याहून बोलका दाखला माझ्यापाशी नाही.

आता फाटे कसे फुटले ते पाहू. दूरमुद्रकावर संदेश छापला जातो आणि काम संपते. संगणकात मजकूर साठवून ठेवतात, शोधतात, दुरुस्त करतात, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेतात. तेथे प्रश्न पडतो की साठवावयाचे ते काय? ओळ संपल्याचा अर्थ, की कॅरेज आणि कागद यांच्या हालचाली?

१९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून मल्टिक्स नावाची मोठी कार्यप्रणाली उभारावयास घेतली. तिच्या रचनाकारांनी या प्रश्नाचा उलगडा माझ्या मते सर्वांत सरळ केला. त्यांच्यापाशी नाना तऱ्हेची टर्मिनले होती. काहींना दोन आज्ञा लागत, काहींना एकच पुरे, काहींना उसंतीचे संकेत अधिक द्यावे लागत. यांपैकी कोणाच्या सवयी मजकुरात साठवावयाच्या? त्यांनी ठरविले की कोणाच्याच नाहीत. मजकुरात ओळ संपली एवढेच सांगणारा एक संकेत ठेवावा, दहा; आणि प्रत्येक यंत्राला काय हवे ते त्या यंत्राशी बोलणाऱ्या आज्ञावलीने ऐनवेळी पुरवावे. आंतरराष्ट्रीय मानकांच्या मसुद्यांतही त्या काळी तेरा-दहा ही जोडी किंवा एकटा दहा, अशी दोन्ही रूपे मान्य होती; अमेरिकन मसुदे तेवढे १९६८ पर्यंत जोडीचाच आग्रह धरून होते. पानाची सोय पानापाशी आणि ग्रंथाची गोष्ट ग्रंथापाशी, हा आमच्या पोथी लिहिणारांचा विवेक येथे विजेच्या यंत्रात पुन्हा जागा झालेला दिसतो. त्या अमेरिकन अभियंत्यांनी आमच्या पोथ्या पाहिल्या असण्याचा संभव नाही; परंतु अडचण एका जातीची असली की शहाणी माणसे एकाच वळणावर येतात.

बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये मल्टिक्समधून बाहेर पडली. तेथील केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी त्याच वर्षी एका लहान यंत्रावर युनिक्सची उभारणी सुरू केली, आणि मल्टिक्सची ही चाल तेवढी सोबत आणली. युनिक्सच्या वंशातली लिनक्स आज जगातील बहुतेक मोठ्या सेवायंत्रांवर चालते. तिच्या घरी ओळीच्या अखेरीस एकटा दहा असतो. टर्मिनलशी बोलताना त्या दहाच्या आधी तेरा घालण्याचे काम युनिक्सच्या पोटातील एक आज्ञावली अजूनही निमूटपणे करीत असते. तिला काही कारणाने बंद केले की मजकूर पडद्यावर तसाच पायऱ्यापायऱ्यांनी तिरपा उतरू लागतो. दूरमुद्रक गेले, त्यांचा जिना राहिला.

आय. बी. एम. च्या घरी हा प्रश्न प्रथम उद्भवलाच नाही. तेथे मजकूर पत्त्यांवर छिद्रे पाडून ठेवीत. १९२८ पासून त्यांचा पत्ता ऐंशी स्तंभांचा होता. एक पत्ता म्हणजे एक ओळ. पत्ता संपला की ओळ संपली, तेथे खूण हवी कशाला? पुढे त्यांनी आपली निराळी संकेतलिपी केली आणि तिच्यात नव्या ओळीसाठी निराळाच संकेत घातला. पण ते घराणेच वेगळे, त्यात आपण शिरू नये.

दुसरा प्रवाह लहान यंत्रांचा. गॅरी किल्डॉल याने १९७४ मध्ये सूक्ष्म संगणकांसाठी सी. पी. एम. नावाची कार्यप्रणाली लिहिली. त्या काळी डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या यंत्रांवर तेरा-दहा ही जोडी रूढ होती, आणि किल्डॉलने तीच उचलली. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. स्मरणशक्ती अत्यल्प असलेल्या त्या यंत्रांत मधल्या आज्ञावलीचा संसार परवडणारा नव्हता. फाइल जशीच्या तशी छपाईयंत्राकडे ढकलली की ती बिनचूक छापली जावी, यातच शहाणपण होते. १९८१ मध्ये आय. बी. एम. च्या वैयक्तिक संगणकाबरोबर मायक्रोसॉफ्टची डॉस आली ती सी. पी. एम. च्या वळणावर, आणि डॉसकडून जोडी विंडोजकडे आली. विंडोजने काढलेल्या साध्या मजकुराच्या फायलींत ती आजही आहे. हजार ओळींच्या फायलीत त्यामुळे हजार आकडे अधिक असतात; आज त्याचे ओझे कोणाला वाटत नाही, चकत्या लहान होत्या तेव्हा वाटत असे.

उरला तिसरा पंथ, एकट्या तेराचा. ॲपल कंपनीच्या १९७७ च्या यंत्राने आणि त्या पिढीतील इतर काही घरगुती संगणकांनी हा मार्ग धरला, आणि १९८४ च्या मॅकिंटॉशने तो पुढे चालविला. कळफलकावर ओळ संपविण्यासाठी जी कळ दाबतात तिचे नावच रिटर्न. ती दाबली की तेरा निघतो. मग तोच ठेवला, असा हा सरळ हिशेब असावा. दूरमुद्रकाच्या दोन हालचालींपैकी एकाने एक राखली, दुसऱ्याने दुसरी, आणि तिसऱ्याने दोन्ही, अशी ही वाटणी. पुढे २००१ मध्ये ॲपलने आपली नवी कार्यप्रणाली युनिक्सच्या पायावर उभारली तेव्हा ती दहाच्या पंथाला मिळाली, आणि एकट्या तेराचा पंथ जवळजवळ विझला. जुन्या फायलींतून मात्र तो अधूनमधून भेटतो.

घरे स्वतंत्र होती तोवर प्रत्येकाची चाल प्रत्येकापाशी. संगणक एकमेकांना जोडले गेले आणि मग खरी पंचाईत झाली. अमेरिकेतील आर्पानेट जाळ्याने आरंभीच एक तह केला : घरात कोणी काहीही वापरा, परंतु रस्त्यावर आलात की ओळ तेरा-दहा या जोडीनेच संपली पाहिजे. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल याने पत्रवहनाचे जे नियम लिहिले, त्यांतही हीच जोडी. तेव्हा मजकूर बाहेर पाठविताना एकदा पालटावयाचा आणि आत घेताना पुन्हा पालटावयाचा असा व्यवहार सुरू झाला. मजकुरापुरते हे ठीक. पण चित्राची फाइल चुकून या रस्त्याने गेली की काय होई? चित्रातही दहा आणि तेरा हे आकडे असतातच. तेथे त्यांचा अर्थ रंगाची छटा असा काहीतरी असतो. मधले यंत्र त्यांना ओळीचे टोक समजून पालटून टाकी, आणि चित्र बिघडे.

या उपद्रवावर पी. एन. जी. ही चित्रपद्धती ठरविणाऱ्या मंडळींनी १९९० च्या दशकाच्या मध्यास जी योजना केली तिचे मला फार कौतुक वाटते. या पद्धतीच्या प्रत्येक चित्राचा आरंभ ठरलेल्या आठ आकड्यांनी होतो. पहिल्या चारांत चित्राची ओळख. नंतर तेरा, दहा, सव्वीस, आणि पुन्हा एक दहा. यांतील तेरा-दहा ही जोडी आणि अखेरचा एकटा दहा, ही दोन्ही आमिषे आहेत. वाटेत कोणी जोडीचा दहा केला असेल तर पहिल्या जागी कळते; एकट्या दहाची जोडी केली असेल तर शेवटच्या जागी कळते. मधला सव्वीस हा सी. पी. एम. आणि डॉस यांच्या घरचा ‘मजकूर संपला’ असा संकेत. तो दिसला की डॉसची मजकूर दाखविणारी आज्ञा तेथेच थांबते आणि पडद्यावर कचरा सांडत नाही. वैद्याने नाडी पाहावी तसे चित्र उघडणारी आज्ञावली हे आठ आकडे पाहते, आणि प्रवासात बाधा झाली की काय ते ओळखते.

आज्ञावल्या लिहिणाऱ्यांची फजिती निराळी. लिनक्सवर चालवावयाची आज्ञावली विंडोजवर लिहून पाठविली, की तिच्या पहिल्या ओळीत ती कोणाकडून चालवून घ्यावयाची त्याचे जे नाव असते, त्याच्या शेपटीला एक अदृश्य तेरा चिकटून येतो. लिनक्सच्या दृष्टीने तो तेरा नावाचाच भाग. त्या नावाचा इसम घरात नाही, असा निरोप पडद्यावर येतो. आणि गंमत अशी की निरोप छापतानाही तो तेरा आपले जुने काम करतो : छापण्याची जागा ओळीच्या आरंभी नेऊन ठेवतो, पुढचे शब्द आधीच्या शब्दांवर छापले जातात, आणि निरोपाचेच अर्धे अंग खाल्ले जाते. माझ्या एका तरुण स्नेह्याने यापायी एक अख्खी दुपार घालविली. नाव बरोबर, फाइल जागेवर, परवानगी दिलेली, आणि तरी ‘सापडत नाही’. कारण कळले तेव्हा तो हसला नाही. मला मात्र हसू आवरले नाही, कारण त्याने जन्मात टंकयंत्राचा दांडा पाहिलेला नव्हता.

जगातील सर्व लिपींसाठी एकच संकेतावली करणाऱ्या युनिकोडच्या कर्त्यांनी या भांडणाचा निकाल लावावयाचे मनावर घेतले. त्यांनी ओळ तोडण्यासाठी एक आणि परिच्छेद तोडण्यासाठी एक असे दोन नवे, निःसंदिग्ध संकेत दिले. देवनागरीला तेथे जागा मिळाली, आपल्या दंडाला आणि दुहेरी दंडालाही मिळाली, आणि ती सर्व आज मराठी मजकुरात सर्रास वापरात आहेत. त्या दोन नव्या संकेतांना मात्र फारसे कोणी विचारले नाही. भांडण तोडावयास गेलेले दोघे वाद्यांच्या यादीत जमा झाले. सलोखा आला तो अगदी वेगळ्या वाटेने : मजकूर उघडणाऱ्या आज्ञावल्या तिन्ही पंथांना मुकाट्याने ओळखावयास शिकल्या. विंडोजबरोबर येणारी नोटपॅड ही साधी आज्ञावली यात सर्वांत मागे होती. एकटा दहा ही ओळीची अखेर आहे हे तिने २०१८ मध्ये मान्य केले.

या सलोख्याला मी मनापासून चांगला म्हटला असता. परंतु पत्रवहनात त्याचेच वाईट फळ मिळाले. पोस्टेलने आंतरजालाच्या आरंभीच्या नियमांत एक उपदेश घातला होता : देताना काटेकोर असावे, घेताना उदार असावे. घेणारे उदार झाले. कोणा लहान यंत्राने जोडीऐवजी एकटा दहा पाठविला तरी, ओळ संपली असे समजून घेऊ लागले. आता पत्र कोठे संपले हे सांगण्याची रीत पत्रवहनाच्या नियमांत अशी की, एका ओळीवर एकटा पूर्णबिंदू यावा आणि त्या ओळीच्या आधी व नंतर तेरा-दहा ही जोडी असावी. हे आपले मोर्तब. एकट्या दहाने वेढलेला बिंदू मोर्तब मानू नये, अशी स्पष्ट ताकीद २००१ च्या सुधारित नियमांत लिहिलेली होती. ती सर्वांनी पाळली नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिले की पाठविणारे सेवायंत्र काटेकोर आणि घेणारे उदार, अशी जोडी सापडली की लबाडीला वाट मिळते. लबाडाने आपल्या पत्रात मध्येच एकट्या दहाने वेढलेला बिंदू घालावा आणि त्यापुढे, त्याच पत्रात, दुसरे एक पत्र पत्त्यासकट लिहून ठेवावे. पाठविणाऱ्याच्या जागी त्याच सेवायंत्राच्या आश्रयाला असलेल्या दुसऱ्या कोणाचे नाव. पाठविणारे यंत्र हा सगळा मजकूर एकच पत्र समजून पुढे देते. घेणारे यंत्र मात्र त्या बिंदूपाशी पत्र संपले असे धरते आणि पुढील मजकूर नव्या पत्राची आज्ञा म्हणून वाचते. आलेली जोडणी खऱ्या सेवायंत्राकडूनच असल्यामुळे पाठविणाऱ्याची ओळख पटविणाऱ्या तपासण्या या बनावट पत्रालाही खरे ठरवितात. मोर्तबाच्या पुढे मजकूर घुसडू नये म्हणून पूर्वी जो शिक्का उमटवीत, त्याच शिक्क्याविषयी दोन चौक्यांचे एकमत नव्हते.

त्यानंतर पत्रवहन करणाऱ्या अनेक आज्ञावल्यांना तातडीने सुधारणा कराव्या लागल्या. त्यांतील बऱ्याच आता एकटा दहा घेऊन आलेले पत्र स्वीकारत नाहीत; काही तर जोडणीच तोडून टाकतात. आपण कोणाला संगणकावरून चार ओळींचे पत्र धाडले, तर वाटेत प्रत्येक ओळीच्या अखेरीस आधी कॅरेज परत आणावयाची आज्ञा जाते, आणि ती परत येईतो कागद सरकवावयाची.